गेटपासून वापस

माझ्या मुलीनं माझी बदनामी करून कॉलेजात प्रवेश मिळवला. तीही इंग्रजीत, आणि पहिल्याच वाक्यात. हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकात लिहिणारे पुष्कळ लोक दोन पानं हवापाण्यात घालवतात आणि मुद्दा शेवटी बाहेर काढतात. दुकानदारीत हे चालत नाही. गिऱ्हाइकाला माल आधी दाखवावा लागतो.

या अंकाचे संपादक माझ्याकडे पुस्तकांचं कपाट घ्यायला आले होते. त्यांना कपाट पाहिजे होतं आणि वर एक लेखही पाहिजे होता, 'शून्यातून दुकान कसं उभं केलं' यावर. मी म्हटलं, एवढ्या भावात लेख बसत नाही. शिवाय त्या शून्यात सांगण्यासारखं फार नाही. नाचणगावहून आलो, एक मोडका लोखंडी पलंग दुरुस्त करून विकला, त्यातून दोन घेतले. अशी गोष्ट बाजारातला प्रत्येक जण सांगतो. मुलीच्या निबंधाबद्दल लिहितो म्हटलं. ते म्हणाले, "त्यात तुमचं काय?" मी म्हटलं, "एक वाक्य माझं आहे." ते वाक्य कोणतं, हे मात्र शेवटी सांगेन. एखादी वस्तू दुकानदारानं मागं ठेवलेली बरी.

माझं दुकान वर्ध्याला लागून पिपरी मेघेत आहे. जुनं घरसामान: पलंग, टेबल, खुर्च्या, कपाटं, कूलर. आसपास कॉलेजं आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, आणि दरवर्षी पोरं येतात आणि जातात. परीक्षा संपली की जाणारं पोरगं सामान विकायला काढतं. संध्याकाळची गाडी असते, घरमालक किल्ली मागत असतो, आणि पोरगं कूलर पुढ्यात घेऊन बसलेलं असतं. तेव्हा भाव मी सांगतो. पावसाळ्यात नवी पोरं आईबापासोबत खोली लावायला येतात. तेव्हाही भाव मीच सांगतो. मधल्या काळात वेल्डिंग करतो, रंग देतो, कूलरच्या गवताच्या ताट्या बदलतो, टेबलांचे डुगडुगणारे पाय बसवतो. लोक म्हणतात, हा पडत्या भावात घेतो आणि चढत्या भावात विकतो. म्हणोत. त्यांनी मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात तिसऱ्या मजल्यावरून एक लोखंडी कपाट उतरवून दाखवावं, मग बोलू.

आणखी एक गोष्ट. मी कबाडी नाही. कबाडी वजनावर घेतो, मी वस्तू म्हणून घेतो. एका प्राध्यापकांनी मला दारात उभं राहून "ए कबाडी" अशी हाक मारली होती. मी त्यांचं टेबल न घेता निघून आलो. टेबल सागवानी होतं. अजून आठवतं.

माझा आवाज मोठा आहे. शेजारी याला भांडण म्हणतात, मी घासाघीस म्हणतो. आर्वीकडचे एक गृहस्थ मुलासाठी पलंग घ्यायला आले. "पाहून घ्या," म्हटलं, तर ते चपला काढून त्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. मुलगा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. मी इतर गिऱ्हाइकं केली, एक कूलर सुरू करून दाखवला, तरी हे झोपलेलेच. शेवटी उठले, डोळे चोळले आणि म्हणाले, "भाऊ, पलंग हलका वाटते. भाव कमी करा."

"हलका?" मी म्हटलं. "घोरून घोरून माह्या दुकानाचे पत्रे हालवले तुमी! आन् हलका? जा, नवीन घ्या बाजारातून. तिथं झोपू देते का पाहा!"

ते तरातरा निघाले. असे निघालेले लोक माझ्याकडे पुष्कळ असतात. आमच्या धंद्यात एक नियम आहे: निघालेल्या गिऱ्हाइकाला दुकानदारानं हाक मारायची नाही. हाक मारली की भाव मोडला. म्हणून मी अशा वेळी पाठ फिरवतो, पकड हातात घेतो आणि आधीच घट्ट असलेला एखादा नट आणखी घट्ट करत बसतो. दुकान आत आहे, मधे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला गेट. गिऱ्हाईक गेटपर्यंत पोहोचलं की माझी मुलगी पल्लवी त्याच्यामागे जायची.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लहान असताना ती एकदा कोणाची विसरलेली छत्री घेऊन गेटवर धावली आणि छत्रीवाला तिच्यासोबत परत आला, पलंग घेऊन गेला. तेव्हापासून ते तिचं काम झालं. शाळेतून आली की दप्तर काउंटरमागं टाकायची आणि तिथंच अभ्यास करायची. माझा आवाज चढला की पेनाला टोपण लावून तयार राहायची. गेटवर ती काय बोलते, हे मला कधी ऐकू आलं नाही. मधे कूलर चालू असतात. मला वाटायचं, "बाबा कमी करतील" असं काही सांगत असेल. पण लोक परत यायचे ते माझ्याच भावात घ्यायला. ते आर्वीचे गृहस्थही आले, पलंग उचलला, आणि जाताना माझ्याकडे पाहून हसले. मी विचारलं नाही. चालणारी मशीन कोणी उघडून पाहत नाही.

पल्लवी बारावीत होती तेव्हा तिनं बंगळूरचं एक कॉलेज शोधून काढलं. थोड्या निवडक मुलांचा सगळा खर्च ते कॉलेज स्वतः करतं. निवड झाली नाही तर तिथं जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो खर्च माझ्या दुकानातून निघणारा नव्हता, आणि हे ती मला न विचारता जाणून होती. मार्कांसोबत ते एक निबंध मागतात, स्वतःच्या आयुष्यातल्या अनुभवावर. सगळं त्याच्यावर.

निबंध म्हणजे काय मोठी गोष्ट, असं मला वाटलं होतं. पण पोरीला सुरुवातच सुचेना. दुकानातल्या एका टेबलाशी बसायची, एक वाक्य लिहायची, मला मराठीत करून सांगायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "लहानपणापासून मले समाजसेवेची आवड आहे."

मी म्हटलं, "छान आहे."

तिनं कागद फाडला. दुसऱ्या दिवशी धाम नदीवर सूर्य मावळत होता. मी म्हटलं, "वा." तोही फाडला. मग शिक्षणानं माणूस कसा घडतो, मग आईच्या हातची भाकर. मी सगळ्याला छान म्हणत गेलो आणि ती फाडत गेली.

"मी छान म्हणून राह्यलो, आन् तू फाडून काऊन राह्यली?"

"तुमी छान म्हणून राह्यले म्हणूनच," ती म्हणाली. मला त्यातलं काही कळलं नाही. पण तिचा चेहरा उतरलेला होता, म्हणून मी ते सोडून दिलं.

माझी बायको शोभा म्हणाली, "तिले सुरुवात सापडून नाई राह्यली. दिवसभर एवढं बोलता, दोन शब्द तिले द्या ना."

मी दिले. नाचणगाव दिलं, मोडका पलंग दिला, भाड्याची हातगाडी दिली, ओट्यावर काढलेला पहिला पावसाळा दिला. आयुष्यात कोणाला फुकट दिलं नाही ते दिलं. पल्लवीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं आहे. त्याईनं माझं मागतलं."

मला राग आला. पण आधी वाईट वाटलं. माझा माल आयुष्यात पहिल्यांदा फुकट असून परत आला होता.

मग कोणीतरी नागपूरच्या एका माणसाचं नाव सांगितलं. असे निबंध तो करून देतो म्हणे. आम्ही बापलेक गेलो. थंडगार ऑफिस, काचेचं टेबल, समोर गुळगुळीत बोलणारा माणूस. त्यानं सांगितलं की निबंधात सुरुवातच सगळं काही असते, बाकीचं कोणी धड वाचत नाही. हे मला पटलं. दुकानाचंही तसंच आहे. मग त्यानं विचारलं, "वडील काय करतात?"

मी सांगितलं.

"म्हणजे भंगार," तो म्हणाला. "उत्तम. असं करू, रात्र आहे, झोपडीत कंदील आहे, बाहेर भंगाराचा ढीग, आणि त्या उजेडात मुलगी पुस्तक वाचते आहे."

"कंदील?" मी म्हटलं. "माह्याकडे इन्व्हर्टर आहे!"

"साहेब, त्यांना असंच आवडतं."

"त्याईले आवडते तर तूच बस कंदील घेऊन! आन् भंगार कोणाले म्हणतं रे? तू ज्या खुर्चीत बसला ना, ते जुनी आहे, तिचा मागचा पाय जोडलेला आहे, मले इथूनच दिसून राह्यला!"

तो खाली पाय पाहायला वाकला, तोवर मी पायऱ्या उतरत होतो. रस्त्यावर आल्यावर सवयीनं पाठ फिरवून उभा राहिलो. मागून कोणी आलं नाही. पल्लवी तर माझ्या बाजूलाच होती. बसमध्ये बसल्यावर तिला हसू आवरेना.

"बाबा, आज तुमाले वापस न्याले कोणीच नाई आलं."

"कायले येते? माल त्याचा होता, गिऱ्हाईक मी."

"तेच म्हणून राह्यली मी," ती म्हणाली. सेलू आलं आणि गेलं, पोरगी खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं, निबंधाचा मार्ग बंद झाला म्हणून रडते की काय. वाकून पाहिलं. डोळे कोरडे होते. ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कागद माझ्यासमोर धरला. निबंध पाठवायची तीच शेवटची संध्याकाळ होती. शोभा दारात तूर निवडत होती. पल्लवी म्हणाली, "पूर्ण ऐकजा. मधात बोलू नका." आणि पहिलं वाक्य मराठीत सांगितलं:

"माझ्या वडिलांनी रागावून घालवलेल्या लोकांना गेटपासून परत आणणं, हे लहानपणापासून माझं काम आहे."

मी पूर्ण ऐकलं नाही.

काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, अंक घरातली मुलंही वाचतात. मुद्दा एवढाच होता की बंगळूरच्या सगळ्या शहाण्या माणसांना मी कोण हे माहीत नाही, आणि आता त्यांना माझी पहिली ओळख होणार ती भांडकुदळ म्हणून. त्या प्राध्यापकांनी निदान मराठीत कबाडी म्हटलं होतं.

पल्लवीनं माझा आवाज खाली यायची वाट पाहिली. त्यात ती लहानपणापासून तरबेज आहे. मग म्हणाली, "तुमाले नाई आवडलं तर नाई पाठवत. तुमची गोष्ट आहे त्याच्यात. तुमी हो म्हणाल तरच."

म्हणजे सौदा होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"रागावून काढून टाक. मोठ्यानं बोलतात, असं लिही."

"मंग ते लोक गेटपर्यंत जातेच कायले?"

"बरं, राहू दे. पण सुरुवातीले काऊन? खाली टाक. मधात कुठं. पहिले लिही का माझे वडील मेहनती आहेत, स्वतःच्या हिमतीवर उभे राह्यले..."

"बाबा, सगळ्यात चांगला पलंग तुमी कुठं ठेवता? समोर का मागं?"

"समोर."

"मंग?"

"मंग काय? निबंध पलंग आहे का? नाई म्हणजे नाई. हे वाक्य सुरुवातीले नाई जाणार."

"हे नाई तर माह्याजवळ दुसरी सुरुवात नाई," ती म्हणाली. कागदाची घडी केली, उठली आणि चालायला लागली. अंगणातून, सरळ, गेटकडे.

मी पाठ फिरवली. पकड घेतली. समोर टेबल होतं, त्याचा नट घट्ट करायला लागलो. घट्टच होता. सवयीनं मी कोणीतरी तिच्यामागे जाण्याची वाट पाहत होतो, आणि मग लक्षात आलं की जाणारीच गेटवर उभी आहे. मी शोभाकडे पाहिलं.

"माह्याकडे नोका पाहू," ती तुरीतून मान वर न करता म्हणाली. "त्या कामाले तुमी मले नाई ठेवलं."

संध्याकाळ होत होती. कॉलेज तिकडं बंगळूरला, निबंध तिच्या मुठीत, आणि माझा नियम माझ्या पाठीशी. मी पकड खाली ठेवली.

ते अंगण मी हजारदा पलंग खांद्यावर घेऊन ओलांडलं असेल. गिऱ्हाइकामागे कधी ओलांडलं नव्हतं. गेटपाशी पोहोचलो. ती पाठमोरी उभी होती. आणि मला सुरुवात सुचेना. एवढा मी बोलणारा! शेवटी जे तोंडात आलं ते विचारलं.

"तू इथं लोकाईले काय सांगत होती?"

ती वळली. "आता विचारून राह्यले?"

"सांग ना."

"पहिले त्याईचं गाव विचारत होती. मंग सांगत होती, बाबा चिडले म्हणजे पलंग चांगला आहे."

"म्हंजे?"

"म्हंजे असं बाबा, कूलरची मोटर कमजोर असली का तुमी 'या साहेब, बसा साहेब' करता. लगेच भाव पाडता. पण तुमच्या हातची पक्की वस्तू असली, आन् कोणी तिले हलकी म्हटलं, का तुमचा आवाज चढते. खराब मालासाठी तुमी कधीच नाई भांडले. मी पाह्यलं आहे ना लहानपणापासून. तेच सांगत होती लोकाईले. दुसरं वाक्य तेच आहे निबंधाचं. तुमी ऐकलंच नाई."

कमजोर मोटर मी सांगून विकतो, हे इथं नमूद करून ठेवतो. इतकी वर्षं लोक मला तापट म्हणत आले. भावांनी म्हटलं, सासऱ्यांनी म्हटलं, मीही रागाला राग समजून वागत आलो. माझ्या रागाला इतकं चांगलं कारण कोणी दिलं नव्हतं. मी स्वतःही नाही. आणि ही पोरगी त्या कारणावर माझं दुकान चालवत होती.

ती म्हणाली, "समाजसेवेले छान म्हटलं तुमी. सूर्याले वा म्हटलं. मी समजली, का माल फुसका आहे. आज पहिल्यांदा चिडले."

मग मी म्हटलं, "ठीक. सुरुवात तुझी. पण मले काई तरी सुटलं पाह्यजे. शेवटचे दोन वाक्य माझे."

"एक वाक्य," ती म्हणाली. तिथंही घासाघीस केली पोट्टीनं. मी दोन मागितली होती.

वाक्य सुचायला मला बराच वेळ लागला. नाचणगाव घालावं वाटलं, इन्व्हर्टर घालावा वाटला. अंगणात येरझाऱ्या घातल्या. तेव्हा कळलं, पोरगी इतके दिवस कशाशी झगडत होती. शेवटी सांगितलं, "लिही. माझ्या वडिलांनी जोडलेला पलंग मोडून परत आला नाही."

"एक आलता."

"त्याच्यावर पाच पोट्टे नाचले होते गणपतीत! तो धरू नको."

तिनं धरला नाही. वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत गेलं. मी उभं राहून पाठवून घेतलं.

तिची निवड झाली. आता दुसरं वर्ष आहे. तिथल्या एका बाईंनी तिला फोनवर सांगितलं म्हणे, की तुझ्या निबंधाची सुरुवात आम्ही एकमेकांना वाचून दाखवली. सुरुवात! शेवटच्या वाक्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. त्या नागपूरच्या माणसाचं खरं निघालं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी सोडणार नाही. बाकी सगळ्यासाठी मी त्या कॉलेजचा आभारी आहे, नागपूरच्या त्या माणसाच्या कंदिलाचा आभारी आहे, तूर निवडत बसून राहिलेल्या शोभाचा आभारी आहे. आणि पल्लवीचा तर आहेच, पण ते तिला सांगितलं तर ती लगेच भाव वाढवेल.

या पावसाळ्यात सिंदी रेल्वे गावचं एक जोडपं मुलीसाठी टेबल घ्यायला आलं. सागवानी टेबल, पाय मी स्वतः बसवलेले. ते गृहस्थ त्यावर बोटं वाजवत म्हणाले, "आतून पोचट दिसते." पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ते निघाले. मी पाठ फिरवली, पकड घेतली, नट धरला. मग पकड ठेवून अंगण ओलांडलं. ते दोघं दचकले, मारायला येतो की काय म्हणून.

"कोणत्या गावचे?" मी विचारलं.

"सिंदी रेल्वे," बाई भीत भीत म्हणाल्या.

"असं आहे ताई, मी चिडलो म्हणजे टेबल चांगलं आहे."

गृहस्थ म्हणाले, "असं कोण म्हणते?"

"माझी पोरगी. बंगळूरले शिकते."

ते एकमेकांकडे पाहून हसले आणि वापस आले. पल्लवीचा फोन आला तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. मला वाटलं, तिचा गळा भरून येईल. ती म्हणाली, "भाव कमी केला का?"

"नाई."

"मंग जमलं तुमाले," ती म्हणाली.